फरशीवरचा सेनापती

आमच्या लहानपणी सोलापुरात सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून घरी आलं, की पहिलं काम किल्ल्याचं असे. दगड, विटांचे तुकडे, त्यावर गोणपाट आणि वरून चिखल. चिखलात हळीव पेरायचे आणि कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजावर उभे करायचे. शिवाजी महाराज सगळ्यांत वर. गावात सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी खराखुरा भुईकोट किल्ला उभा असताना आम्ही मात्र दर वर्षी अंगणात डोंगरी किल्लाच बांधत होतो, याचं तेव्हा कुणालाही नवल वाटत नसे.

भाऊबीज उलटली की मोठ्यांची नजर चुकवून खरी गंमत सुरू व्हायची. दहा पावलांवरून गोटी मारायची आणि शेजारच्या वाड्यातल्या पोरांचे मावळे पाडायचे. एकदा माझ्या गोटीनं एका मावळ्याचं मुंडकं उडालं. आजीनं ते कणकेनं चिकटवून दिलं, आणि पाडायला काही लागत नाही, उभं करायला लागतं, हेही सुनावलं.

गेल्या दिवाळीत अकरा वर्षांचा नातू पुण्याहून आला. किल्ला बांधायला आता अंगण उरलेलं नाही, आणि त्याला त्याचं दुःखही नव्हतं. गड, घोडदळ, तोफा, रसद असं सगळं त्याच्या संगणकात होतं. सकाळचा फराळ झाला की स्वारी मोहिमेवर. सूनबाईंना काळजी वाटू लागली. दिवसभर माणसं मारण्याचा खेळ खेळून मुलाचं मन कसं घडेल, असा त्यांचा प्रश्न होता. बँकेत माझी चौतीस वर्षं कर्जाच्या अर्जांवर हो किंवा नाही लिहिण्यात गेली, त्यामुळे घरातले असले निवाडेही माझ्याकडेच येतात. मला चटकन उत्तर सुचेना. तेव्हा आठवला तो एच. जी. वेल्स.

वेल्स आपल्याला ठाऊक असतो तो विज्ञानकथांचा जनक म्हणून. काळातून प्रवास करणारं यंत्र, अदृश्य माणूस, मंगळावरून आलेले हल्लेखोर ही सारी त्याची निर्मिती. पण हाच गृहस्थ चाळिशी उलटल्यावर दिवाणखान्यात गुडघ्यांवर रांगत शिशाच्या शिपायांच्या लढाया खेळत असे, आणि आजच्या युद्धखेळांच्या आधुनिक वंशावळीत त्याचं नाव अगदी वरच्या ओळीत आहे, हे फारसं माहीत नसतं.

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या ब्रॉम्ली गावी झाला. वडील जोसेफ यांचं चिनी मातीच्या भांड्यांचं आणि क्रिकेटच्या सामानाचं दुकान होतं. दुकान चालत नसे, क्रिकेट मात्र चाले. १८६२ साली केंटकडून खेळताना त्यांनी लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. आई सारा लग्नाआधी बड्या घरी नोकरीला होती. १८७४ साली छोट्या हर्बर्टचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला पुस्तकांचं वेड लागलं. पुढे तीनच वर्षांनी वडिलांचाही पाय मोडला. क्रिकेटची मिळकत बंद झाली. आईनं अपपार्क नावाच्या एका जमीनदारी वाड्यात व्यवस्थापिकेची नोकरी धरली आणि मुलाला कापडाच्या दुकानात उमेदवारीला लावलं. रोज तेरा तास काम आणि रात्री इतर उमेदवारांबरोबर एका खोलीत झोप.

या मुलाचा एक गुप्त छंद होता. तेराव्या वर्षाच्या आसपास ब्रॉम्लीच्या माळावर एकटाच भटकताना तो मनातल्या मनात प्रचंड सैन्यांचं नेतृत्व करी. समोरच्या टेकडीवर तोफा, झाडीत घोडदळ, आणि शेवटी शत्रूचा पूर्ण बीमोड. खिशात दमडी नसलेला दुकानातला पोऱ्या रोज संध्याकाळी जग जिंकून घरी येई. ही गोष्ट त्यानं लपवली नाही. पुढे आत्मचरित्रात स्वतःच सांगितली. तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

१८८४ साली शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनला विज्ञान शिकायला गेला आणि टी. एच. हक्स्लींसारखा गुरू त्याला लाभला. नंतर शिक्षकी पत्करली. तिथं फुटबॉल खेळताना बसलेल्या लाथेनं मूत्रपिंड दुखावलं, छातीचं दुखणंही मागं लागलं. मास्तरकी जमेना म्हणून तो लिहू लागला. १८९५ साली ‘द टाइम मशीन’ आलं, १८९८ साली ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’. पैसा आला, कीर्ती आली. पहिलं लग्न मोडलं. १८९५ साली त्यानं आपली विद्यार्थिनी कॅथरीन हिच्याशी दुसरं लग्न केलं. तिला तो जेन म्हणे. या संसारात तो एकनिष्ठ राहिला नाही, हेही सांगायला हवं. पण बाप म्हणून त्याच्याइतका रमणारा माणूस विरळा. १९०१ आणि १९०३ साली जन्मलेले जॉर्ज फिलिप आणि फ्रँक हे त्याचे दोन मुलगे. सँडगेटच्या समुद्रकाठी बांधलेल्या घरात या तिघांचं राज्य फरशीवर होतं.

लाकडी विटा, फळ्या, खेळण्यातली आगगाडी आणि शिपाई इतक्या भांडवलावर ते बेटं वसवत, शहरं उभारत. दोन मुलगे दोन शहरांचे नगराध्यक्ष. १९११ साली वेल्सनं या खेळांवर ‘फ्लोअर गेम्स’ हे छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं खेळणीवाल्यांविरुद्ध एक तक्रार नोंदवली आहे. दुकानात पाहावं तर सगळे शिपाईच. साधी नागरी माणसं मिळतच नाहीत. मग शहर वसवायचं कसं?

त्या सुमाराला खेळण्यातली एक स्प्रिंगची तोफ बाजारात मिळत होती. सुमारे इंचभर लांबीची लाकडी गोळी ती नऊ यार्डांवरच्या शिपायावर नेमकी मारी. एकदा जेवणानंतर कॉफी येईपर्यंत वेल्सचा एक मित्र मुलांच्या पसाऱ्याजवळ जाऊन बसला. त्यानं हळूच तोफ भरली, नेम धरला आणि एक शिपाई लोळवला. लगेच त्यानं वेल्सला आव्हान दिलं. वेल्सनं या मित्राची फक्त आद्याक्षरं सांगितली आहेत, पण तो ‘थ्री मेन इन अ बोट’वाला विनोदी लेखक जेरोम के. जेरोम असं मानलं जातं. पुढे दुसऱ्या एका मित्राबरोबर वेल्सनं विश्वकोशाचे जाडजूड खंड गालिच्यावर मांडून टेकड्या केल्या आणि लढाई जुंपली.

हळूहळू नियम ठरले. पायदळानं एका डावात एक फूट सरकायचं, घोडदळानं दोन फूट. तोफेजवळ किमान चार माणसं असली तरच ती डागायची. प्रत्येक चालीला घड्याळ लावलेलं, म्हणजे सेनापतीला विचार करत बसायची सोय नाही. सैन्यं हातघाईवर आली तर किती मरतील, किती कैद होतील, त्याचाही हिशेब. १९१३ साली हे सगळं ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात आलं. खेळाडूंची वयोमर्यादा त्यानं बारा ते दीडशे वर्षं अशी घालून दिली होती.

युद्धाचा पट काही वेल्सनं पहिल्यांदा मांडला नव्हता. आपलं बुद्धिबळ, म्हणजे जुनं चतुरंग, हीसुद्धा हत्ती, घोडे, रथ, पायदळाची लढाईच. प्रशियाच्या लष्करात १८२४ पासून रायस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्याचा ‘क्रीगश्पील’ हा नकाशावरचा खेळ प्रशिक्षणासाठी रूढ झाला होता आणि पुढे इतर सैन्यांनी तो उचलला. पण तो अधिकाऱ्यांचा अभ्यास होता. वेल्सनं त्याला घरात आणलं, आणि खेळताना हसायची परवानगी दिली.

त्या पुस्तकाच्या शेवटी मात्र तो एकदम गंभीर होतो. त्याचं सांगणं असं, की ज्याला ही छोटी लढाई तीन-चार वेळा खेळून पाहता येईल, त्याला खरं महायुद्ध किती गोंधळाचं आणि मूर्खपणाचं असेल ते आपोआप कळेल. लढायची हौस असलेल्या राजांना, सेनापतींना आणि पुढाऱ्यांना एका मोठ्या दालनात कोंडावं, शिपाई आणि तोफा द्याव्यात आणि खेळू द्यावं. बाकीच्या जगाला आपापली कामं करू द्यावीत.

पुस्तक आलं १९१३ साली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं.

आणि इथं वेल्स चुकला. फरशीवर जे त्याला स्वच्छ दिसलं होतं, ते नकाशावर दिसेना. सगळी युद्धं संपवणारं हे युद्ध, अशी त्यानं त्याची भलावण केली. त्याच्या पुस्तकाचं नावच होऊन बसलेला तो शब्दप्रयोग पुढे जगभर चेष्टेचा विषय झाला.

‘लिटल वॉर्स’च्या परिशिष्टात वेल्सनं ज्यांचे आभार मानले आहेत, त्यांत कर्नल मार्क साइक्स हे नाव आहे. हा खेळ लष्कराच्या उपयोगाचा कसा करता येईल, याबद्दल त्यांनी वेल्सला सल्ला दिला होता. तेच हे साइक्स, ज्यांनी मे १९१६ मध्ये फ्रान्सच्या पिको यांच्याबरोबर गुप्त करार करून तुर्की साम्राज्याच्या अरब मुलखावर रेघ ओढली. त्याच्या काही दिवस आधी, २९ एप्रिल १९१६ रोजी, त्याच भागात इराकमधल्या कुत या गावी पुणे डिव्हिजननं जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर उपाशीपोटी शस्त्रं खाली ठेवली होती. तिच्यात १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कैदेतल्या त्या मजलांमध्ये किती तरी जण वाळवंटातच राहिले. त्या महायुद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक कामी आले. पहिली गोळी मारणाऱ्या जेरोमचं काय झालं? सत्तावन्नाव्या वर्षी तो फ्रेंच सैन्याची रुग्णवाहिका चालवायला गेला. पडलेली माणसं त्यानं स्वतःच्या गाडीतून वाहिली. आपल्याला शिपायांच्या खेळात १९१४ पर्यंतच रस होता, असं वेल्सनं पुढे लिहून ठेवलं आहे.

१९३४ साली त्याचं आत्मचरित्र आलं. हिटलर जर्मनीत सत्तेवर येऊन वर्ष उलटलं होतं. ब्रॉम्लीच्या माळावरच्या त्या दिवास्वप्नांची हकीकत सांगून वेल्स म्हणतो, की हिटलर दुसरातिसरा कुणी नाही, माझ्या तेराव्या वर्षीचं स्वप्न खरं होऊन आलं आहे. हे वाचताना मी थबकलो. दुसऱ्याकडे बोट दाखवणं सोपं. वेल्सनं तो हुकूमशहा आधी स्वतःत ओळखला. सैन्यं चालवण्याची ती हौस प्रत्येक मुलात असते. कुणी ती खेळून संपवतो. कुणाची आतल्या आत साचते आणि वय वाढलं तरी तेरा वर्षांचीच राहते.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा वेल्स मानवी हक्कांच्या सनदेसाठी झटत होता. १९४० साली त्यानं गांधीजींचं मत मागितलं. हक्कांऐवजी माणसाच्या कर्तव्यांची सनद आधी करा, असं गांधीजींनी कळवलं. अणुबॉम्ब हा शब्द आणि ती कल्पना त्यानं १९१४ च्या एका कादंबरीत मांडली होती. हिरोशिमाची बातमी ऐकायलाही तो जिवंत राहिला. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमध्ये तो गेला.

त्याच्या फरशीवरच्या खेळाला मात्र दोन फांद्या फुटल्या. एक आपल्या ओळखीची. छोटे शिपाई घेऊन लढण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेत पसरला. १९५४ साली चार्ल्स रॉबर्ट्‌सनं पुठ्ठ्याच्या पटावरचा युद्धखेळ विकायला काढला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि त्याच्या मित्रानं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणला, आणि त्यातलं बरंच काही संगणकाच्या खेळांत उतरलं. ‘लिटल वॉर्स’च्या २००४ सालच्या आवृत्तीला याच गायगॅक्सनं प्रस्तावना लिहिली. माझा नातू या फांदीवर बसलेला आहे.

दुसरी फांदी कमी लोकांना माहीत आहे. मार्गारेट लोवेनफेल्ड या लंडनच्या डॉक्टरीणबाईंनी तरुणपणी ‘फ्लोअर गेम्स’ वाचलं होतं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस मनानं दुखावलेल्या मुलांवर उपचार करताना त्यांना ते आठवलं. त्यांनी वाळूचा ट्रे आणि छोटी छोटी खेळणी मुलांपुढे ठेवली. जे बोलून सांगता येत नव्हतं, ते मुलं वाळूत मांडू लागली. ही उपचारपद्धती आजही जगभर वापरली जाते. त्या खेळण्यांमध्ये शिपाई असतात, आणि वेल्सला हवी होती ती साधी माणसंही असतात.

हे सगळं आठवून मी नातवाशेजारी जाऊन बसलो. खेळ खरोखर डोकं लावायचा होता. धान्य साठवल्याशिवाय सैन्य हलत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा बरं कळत होतं. एक मोठी लढाई त्यानं जिंकली. आपली माणसं किती पडली, असं मी विचारलं. त्याला सांगता येईना. पडलेली माणसं पडद्यावरून आपोआप नाहीशी होतात. वेल्सच्या खेळात मेलेला शिपाई हातानं उचलून बाजूला ठेवावा लागे.

आजीचं तेव्हाचं बोलणं मला फार उशिरा कळलं. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला, तेव्हा ती नवी नवरी होती. रस्त्यावरून फिरणारे गोरे शिपाई तिनं दाराच्या फटीतून पाहिले होते. पुढच्या जानेवारीत मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याला फाशी झाली. गावात कितीक घरी त्या दिवशी चूल पेटली नाही, असं ती सांगायची. पण आमचा किल्ला तिनं कधी मोडला नाही, आणि गोट्याही काढून घेतल्या नाहीत.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी कुंभाराकडे उरलेसुरले दहा-बारा मावळे घेऊन आलो. नातवाला बरोबर घेऊन गच्चीवर विटा मांडल्या, चिखल थापला. मग दोन गोट्या त्याच्या हातात दिल्या. त्याचे पहिले चार नेम चुकले. पाचव्याला एक मावळा पडला आणि त्याचा हात मोडला. पोरगं ओरडलं, नाचलं. मग खाली वाकून त्यानं तो मोडका हात शोधून काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

सूनबाईंना मी अजून निवाडा दिलेला नाही. त्या दिवशी मी त्यांच्याकडे फक्त थोडी कणीक मागितली.