विश्लेषण : बेवारस कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या मेरी टीलबी कोण होत्या? त्यांच्या संस्थेच्या नावात ‘तात्पुरते’ हा शब्द का होता?

दिल्ली परिसरातील भटकी कुत्री पकडून निवारागृहांत ठेवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. त्यावर देशभर वाद झाला आणि २२ ऑगस्टला न्यायालयाने आदेशात बदल केला. निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत; रेबीजची लागण झालेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे त्यात म्हटले होते. प्राणीप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून कुत्री दत्तक घेण्याची मुभाही देण्यात आली. कुत्री रस्त्यावर असावीत की निवारागृहात, या वादात दत्तकाचा मुद्दा मागे पडला. निवारागृहातले कुत्रे शेवटी कोणाच्या तरी घरी गेले पाहिजे, हा विचार मात्र जुना आहे. १८६० मध्ये लंडनमधील एका महिलेने त्यावर संस्था उभी केली होती. आज ‘बॅटरसी’ या नावाने जगभर ओळखली जाणारी ती संस्था आणि तिच्या संस्थापक मेरी टीलबी यांच्याविषयी...

मेरी टीलबी कोण होत्या?

मेरी यांचा जन्म १८०१ मध्ये इंग्लंडमधील हंटिंग्डन येथे झाला. माहेरचे आडनाव बेट्स. १८२९ मध्ये हल या बंदराच्या शहरातील लाकडाचे व्यापारी रॉबर्ट टीलबी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. आजारी आईची देखभाल करण्यासाठी मेरी लंडनला आल्या आणि पुन्हा पतीकडे गेल्या नाहीत. उत्तर लंडनमधील हॉलोवे भागात वडील आणि धर्मगुरू असलेले भाऊ एडवर्ड बेट्स यांच्यासोबत त्या राहू लागल्या.

त्यांच्याकडे मोठी संपत्ती नव्हती, सरकारदरबारी वजन नव्हते. वयाची पन्नाशी उलटलेली, पतीपासून वेगळी राहणारी स्त्री ही त्या काळच्या इंग्लंडमध्ये समाजाच्या कडेला उभी असलेली व्यक्ती होती. ज्या कामामुळे त्यांचे नाव उरले, ते सुरू झाले तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्यांना जेमतेम पाच वर्षे मिळाली.

१८६० मध्ये नेमके काय घडले?

मेरी यांच्या मैत्रीण सारा मेजर यांना कॅननबरी स्क्वेअर भागात उपासमारीने मरणासन्न झालेले एक कुत्रे दिसले. त्यांनी ते घरी नेले. मेरी तिथे गेल्या असता त्यांनी ते पाहिले आणि त्याची शुश्रूषा केली, पण कुत्रे वाचले नाही.

तेव्हाच्या लंडनमध्ये अशी कुत्री गल्लोगल्ली होती. काही हरवलेली, काही मालकांनी सोडून दिलेली. घोड्यांच्या छळाविरुद्ध, जनावरांच्या झुंजींविरुद्ध काम करणारी संस्था १८२४ पासून लंडनमध्ये होती. पण ज्याला कोणी मालकच नाही, अशा कुत्र्याने जायचे कुठे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. मेरी यांनी सापडलेली कुत्री स्वतःच्या घरात, स्वयंपाकघरामागच्या मोरीत ठेवायला सुरुवात केली. ती जागा लगेचच अपुरी पडली. मग हॉलोवेमधीलच हॉलिंग्सवर्थ स्ट्रीटवरचे तबेले भाड्याने घेण्यात आले. १८६० च्या ऑक्टोबरमध्ये तिथे रीतसर संस्था सुरू झाली. तिचे नाव ‘हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते घर’ असे होते. भाऊ एडवर्ड त्यांच्यासोबत होते. पैसा मुख्यतः वर्गणी आणि देणग्यांतून येत होता.

‘तात्पुरते’ कशासाठी?

मेरी यांच्या कामाचे मर्म या एका शब्दात आहे. कुत्र्यांना आयुष्यभर सांभाळण्याची जागा त्यांना उभी करायची नव्हती. रस्ता आणि घर यांच्यामधला हा एक थांबा होता.

संस्थेचे नियम त्यानुसार आखले गेले. मालक कुत्र्याचा शोध घेत आला, तर तितक्या दिवसांच्या खाण्यापिण्याचा खर्च घेऊन कुत्रे परत द्यायचे. वर्गणीदाराचे कुत्रे असेल तर खर्चही घ्यायचा नाही. १४ दिवसांत कोणीच आले नाही, तर कुत्रे विकून खर्च भागवायचा किंवा त्याची अन्य व्यवस्था लावायची.

आणखी एक नियम लक्षवेधी होता. कुत्रे आणून देणाऱ्याला बक्षीस द्यायचे नाही. वरवर पाहता हा कद्रूपणा वाटेल, पण त्यामागे व्यवहाराची जाण होती. त्या काळात लंडनमध्ये पाळीव कुत्री चोरून मालकाकडून खंडणी उकळण्याचा धंदाच होता. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांचा लाडका फ्लश तीन वेळा चोरीला गेला होता आणि तीनही वेळा पैसे मोजून सोडवून आणावा लागला होता. संस्थेने बक्षीस ठेवले असते, तर चोरांना आणखी एक गिऱ्हाईक मिळाले असते.

‘तात्पुरते’ या शब्दामागे साधे गणितही आहे. निवारागृह ही पाण्याच्या टाकीसारखी गोष्ट आहे. आवक रोज सुरू असते. जावक तितकीच नसेल, तर टाकी कितीही मोठी बांधली तरी ती भरतेच. जागा वाढवल्याने फक्त भरण्याचा दिवस पुढे ढकलला जातो. त्यामुळे अशा संस्थेची खरी क्षमता पिंजऱ्यांच्या संख्येवर मोजता येत नाही. मालकाकडे परत गेलेली आणि नव्या घरी गेलेली कुत्री किती, यावर ती ठरते.

त्यांची खिल्ली का उडवली गेली?

संस्था सुरू होताच ‘द टाइम्स’ या वजनदार दैनिकाने अग्रलेखातून तिची टर उडवली. कुत्र्यांसाठी घर काढणाऱ्यांचे डोके ठिकाणावर आहे का, असा त्या लेखाचा सूर होता. शहरात हजारो माणसे उपाशी असताना कुत्र्यांवर पैसा कशाला, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही तो जवळपास त्याच शब्दांत ऐकू येतो. एका बाईने पुढाकार घेतल्यामुळे हे सगळे भाबडेपणाचे खूळ ठरवणे टीकाकारांना आणखी सोपे गेले.

या टीकेने संस्थेचे नाव मात्र घरोघरी पोहोचले. १८६२ मध्ये चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ऑल द इयर राऊंड’ या साप्ताहिकात दोन श्वानप्रदर्शनांवर एक लेख आला. पहिले प्रदर्शन होते इस्लिंग्टनमधील भव्य सभागृहात भरलेले, उंची जातीच्या, बक्षीसपात्र कुत्र्यांचे. दुसरे होते तिथून जवळच असलेले हॉलोवेचे हे घर, जिथे कोणालाही नको असलेली कुत्री होती. श्रीमंती प्रदर्शनाशेजारी ठेवून केलेल्या त्या वर्णनाने वाचकांची सहानुभूती संस्थेकडे वळवली. लोकांची वर्गणी हाच आधार असलेल्या संस्थेसाठी ही मोलाची गोष्ट होती.

टीलबी यांच्यानंतर काय झाले?

१८६५ मध्ये मेरी यांना कर्करोगाने ग्रासले. विश्रांतीसाठी त्या बेडफर्डशायरमधील बिगल्सवेड या गावी गेल्या. तिथेच ३ ऑक्टोबर १८६५ रोजी त्यांचे निधन झाले. गावातील सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. संस्थेला तेव्हा पाच वर्षे झाली होती.

पुढचा काळ कसोटीचा होता. १८६७ च्या कायद्याने लंडनच्या पोलिसांना रस्त्यावरची बेवारस कुत्री ताब्यात घेण्याचा अधिकार मिळाला आणि पुढे ती याच संस्थेकडे येऊ लागली. भुंकण्याच्या आवाजाने हॉलोवेतील शेजारी आधीच त्रासले होते. १८७१ मध्ये संस्था टेम्स नदीच्या दक्षिणेला, रेल्वेमार्गांलगतच्या बॅटरसी भागात हलली. पुढे हेच तिचे नाव झाले.

आवक वाढली, जावक मात्र त्या वेगाने वाढली नाही. नियमातल्या अन्य व्यवस्थेचा अर्थ बहुतेक कुत्र्यांसाठी मृत्यू असा झाला. १८८४ मध्ये तर वायूने कमी वेदना देऊन कुत्री मारण्यासाठी डॉ. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी तयार केलेली कोठडी तिथे बसवण्यात आली. रेबीजच्या भीतीने लंडन ग्रासले होते, त्या काळातली ही गोष्ट. विष घालून किंवा काठीने मारण्यापेक्षा हे दयाळूपणाचे आहे, असे तेव्हा मानले गेले. मेरी यांनी नावात ठेवलेला ‘तात्पुरते’ हा शब्द अशा प्रकारे उलट्या अर्थाने खरा ठरला. संस्थेच्या इतिहासातील हे पान झाकून तिची गोष्ट पूर्ण होत नाही.

तरीही संस्थेने एक गोष्ट कटाक्षाने पाळली. जिवंत प्राण्यांची चिरफाड करणाऱ्या प्रयोगशाळांना कुत्री विकायची नाहीत, हे तिचे धोरण होते. १८८३ मध्ये मांजरांनाही आश्रय देणे सुरू झाले. १८८५ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांनी आश्रयदातेपद स्वीकारले. ज्या संस्थेला वेडगळ ठरवले गेले होते, तिला २५ वर्षांत राजघराण्याची मान्यता मिळाली.

मुंबईत तेव्हा काय स्थिती होती?

मुंबईने हा प्रश्न लंडनच्या आधी अनुभवला होता. रस्त्यावरची कुत्री मारण्याच्या पोलिसांच्या मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये शहरात दंगल झाली. कुत्र्याला धर्मात मानाचे स्थान देणारा पारशी समाज त्यात पुढे होता. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरापोळ उभी राहिली. म्हणजे मेरी यांच्या संस्थेच्या २६ वर्षे आधी.

दोन्हींमागे करुणा होती, पण रचना वेगळी होती. पांजरापोळेत जनावराला मरेपर्यंत सांभाळायचे, ही परंपरा. हॉलोवेत कुत्र्याला पुढे कोणाच्या तरी घरी पाठवायचे, हा हेतू. पहिल्या पद्धतीत प्रत्येक जिवाला शेवटपर्यंत आसरा मिळतो, पण नव्याने येणाऱ्यासाठी जागा उरत नाही. दुसरीत जागा मोकळी होते, पण त्यासाठी घरे तयार असावी लागतात. ती नसली की काय होते, हे बॅटरसीने पाहिले.

आज या गोष्टीचे महत्त्व काय?

बॅटरसीने स्थापनेपासून ३० लाखांहून अधिक प्राण्यांना आधार दिला आहे. ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या निवासस्थानी २०११ पासून राहणारा लॅरी हा प्रसिद्ध बोकाही तिथूनच दत्तक घेतलेला. कुत्र्याला मायक्रोचिप बसवणे इंग्लंडमध्ये २०१६ पासून बंधनकारक असल्याने हरवलेल्या कुत्र्याच्या मालकाचा माग काढणे सोपे झाले आहे. थोडक्यात, १५० वर्षांत तिथे जावक वाढवण्याची व्यवस्था हळूहळू उभी राहिली.

भारतात रस्त्यावरच्या कुत्र्यांची संख्या पाहता केवळ दत्तक देऊन प्रश्न सुटणार नाही. निर्बीजीकरण आणि लसीकरण हाच त्याचा पाया आहे. मात्र अपघातात जायबंदी झालेले, मालकाने सोडून दिलेले किंवा आईवेगळे झालेले पिल्लू पुन्हा रस्त्यावर सोडता येत नाही. अशांसाठी मुंबई, पुण्यात अनेक जण आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा न्हाणीघरात काही दिवसांची सोय करतात. लस टोचून घेतात, फोटो काढून ओळखीच्या गटांत पाठवतात आणि घर मिळाले की पुढच्या पिल्लासाठी जागा मोकळी करतात. मेरी टीलबी यांनी आपल्या घराच्या मोरीत सुरू केलेले काम नेमके हेच होते. ते कुठवर चालेल, हे सांभाळणाऱ्यांच्या दयेइतकेच दार उघडणाऱ्या घरांच्या संख्येवर अवलंबून आहे.