शाळा सुटली, अभ्यास नाही : डॉ. रखमाबाई



आपल्या बॅचमधले जे डॉक्टर झाले, त्यांचं बारावीचं वर्ष आपण जवळून पाहिलं आहे. पहाटेचा अभ्यास, प्रॅक्टिकलची धावपळ, मेरिट लिस्टची धाकधूक. आता आपल्या घरातली मुलं नीटच्या तयारीला बसतात. परीक्षेसाठी एक वर्ष ड्रॉप घ्यायचा म्हटलं तरी घर काळजीत पडतं. अशा वेळी मला रखमाबाई आठवतात. त्यांची शाळा आणि मेडिकलचा प्रवेश यांत सुमारे १४ वर्षांचं अंतर होतं.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा, मुंबईतला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजींशी झालं आणि शाळा सुटली. त्या राहिल्या मात्र माहेरीच. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तकं आणून त्या घरी वाचू लागल्या. इंग्रजीही घरीच शिकल्या. डॉक्टर होण्याची खरी तयारी तिथेच सुरू झाली, असं मला वाटतं.

१८८४ मध्ये दादाजींनी बायकोला नांदायला पाठवावं म्हणून कोर्टात दावा लावला. अजाणत्या वयात लावून दिलेलं लग्न आपल्याला बांधील नाही, अशी भूमिका घेऊन रखमाबाईंनी जायला नकार दिला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये कोर्टाने फर्मावलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. खटला चालू असताना टाइम्स ऑफ इंडियात त्यांनी टोपणनावाने पत्रंही लिहिली. बालविवाहाने मुलींचं शिक्षण कसं हिरावलं जातं, हा त्यातला मुख्य सल. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला.

त्या मोकळ्या झाल्या, पण हातात कुठल्याही परीक्षेचं प्रमाणपत्र नव्हतं. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची पाठीशी उभ्या राहिल्या. मेडिकलचे दरवाजे बायकांना कसे बंद असतात, हे त्यांनी स्वतः एडिनबरोत भोगलं होतं. पैशासाठी निधी उभा राहिला, त्यात शिवाजीराव होळकरांनीही ५०० रुपये दिले. विलायतेत मेडिकलचा विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायचं तर आधी सामान्य शिक्षणाची परीक्षा द्यावी लागे. इंग्रजी, गणित आणि लॅटिनसुद्धा! अकराव्या वर्षी शाळा सोडलेल्या बाईला हे सगळं परक्या मुलखात पार करायचं होतं.

१८८९ मध्ये त्या लंडनला गेल्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकून १८९४ पर्यंत त्या डॉक्टर झाल्या. १८९५ पासून सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात आणि पुढे राजकोटला, अशी सुमारे ३५ वर्षं त्यांनी बायकांवर उपचार केले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी त्या गेल्या.

रखमाबाईंकडे ना क्लास होता, ना वेळापत्रक. घरी येणारी पुस्तकं होती आणि ती उघडायची सवय होती. ती सवय १४ वर्षं टिकली, म्हणून संधी आली तेव्हा त्या कोऱ्या नव्हत्या. आपल्याला ती सवय बाईंनी आणि सरांनी शाळेतच लावली, याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

संमेलनानिमित्त शाळेला काय भेट द्यावी, यावर आपली चर्चा चालू आहे. माझं मत ग्रंथालयाला. आणि एक विनंती : शाळा सोडावी लागलेल्या मुलींनाही तिथून पुस्तकं घरी नेता यावीत.