तलवार कागदावर उतरवणारा कारागीर

विद्या वस्तादाच्या हातून शिष्याच्या हातात जाते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. कुस्तीचा डाव असो की पट्ट्याचा हात, तो पाहून, करून आणि मार खाऊन शिकायचा. पण वस्तादच उरला नाही तर? मधल्या कित्येक पिढ्यांची साखळीच तुटली तर? जर्मन लांब तलवारीच्या बाबतीत नेमके हेच झाले. दोन्ही हातांनी धरायची, साधारण चार फुटी, दीड किलोच्या आसपास वजनाची ही तलवार सतराव्या शतकात हळूहळू मागे पडली आणि तिचे हात शिकवणारेही संपले. तरीही आज युरोप-अमेरिकेतल्या अनेक शहरांत ती पुन्हा शिकली जाते. नोकरीनिमित्त जर्मनीत राहत असताना मीही तिच्या नादी लागलो. आम्हाला शिकवणाऱ्याने ही विद्या कुणा वस्तादाकडून घेतलेली नव्हती, ती एका जुन्या पुस्तकातून घेतली होती. ते लिहिणारा योआखिम मायर साडेचारशे वर्षांपूर्वी ऐन उमेदीत गेला, तो डोक्यावर कर्ज घेऊन. आणि कर्जाचे कारण होते हेच पुस्तक.

मायर मूळचा बाझलचा. जन्म १५३७ च्या सुमाराचा. धंदा सुऱ्या घडवण्याचा. काम शिकून झालेल्या कारागिराने काही वर्षे गावोगाव हिंडावे, परक्या उस्तादांकडे राबावे आणि मगच स्वतःचे दुकान थाटावे, अशी तिकडची रीत होती. मायरही तरुणपणी खूप फिरला आणि परमुलखातले तलवारीचे प्रकार त्याने पाहिले. १५६० च्या जूनमध्ये त्याने स्ट्रासबर्गमध्ये आपोलोनिया रुलमान हिच्याशी लग्न केले आणि उस्ताद कारागीर म्हणून तो त्या शहरात स्थिरावला. पोटापाण्याची सोय झाली, नागरिकत्व मिळाले. एखादा एवढ्यावर समाधानी राहिला असता.

पण दुसऱ्याच वर्षी, १५६१ मध्ये, त्याचा अर्ज नगर परिषदेपुढे आला. त्याला तलवारबाजीचा जाहीर सामना भरवायचा होता आणि त्यासाठी परवानगी लागे. असे अर्ज तो पुढेही करत राहिला. १५६८ च्या अर्जात तो स्वतःला प्रथमच तलवारीचा वस्ताद म्हणवतो. सुऱ्या घडवणारा ते तलवार शिकवणारा, हा प्रवास त्याच्या अर्जांमधूनच आपल्याला दिसतो.

त्याने जी विद्या उचलली ती त्याच्याही आधी दोनशे वर्षांची. चौदाव्या शतकातला योहान्नेस लिश्तेनाउअर हा तिचा आदिपुरुष मानला जातो. त्याच्या नावावर पदे आहेत, पण ती मुद्दाम गूढ ठेवलेली. परक्याला अर्थ लागू नये, हाच हेतू. मायरने उलटे केले. त्याने साध्या, सुट्या गद्यात पाय कुठे, मूठ कुठे, टोक कुणीकडे, हे सांगायला घेतले. चार मुख्य पवित्रे त्याने जुन्यांचेच ठेवले. बैलाच्या पवित्र्यात मूठ डोक्याशेजारी आणि टोक समोरच्याच्या तोंडावर, शिंग रोखल्यासारखे. नांगराच्या पवित्र्यात मूठ खाली पुढच्या गुडघ्यापाशी आणि टोक वर. तिसऱ्यात तलवार डोक्यावर उचललेली. चौथा वेड्याचा, कारण त्यात टोक जमिनीकडे असते आणि माणूस उघडा पडल्यासारखा दिसतो. साऱ्या लढतीचेही त्याने तीन भाग पाडले. जवळ जाणे, पात्याला पाते भिडल्यावरची झटापट, आणि अंगाला धक्का न लागू देता मागे सरणे. मला यातला तिसरा भाग फार शहाणपणाचा वाटतो. वार करायला सगळेच शिकवतात. बाहेर कसे पडायचे हे सांगणारा विरळा.

अर्थात पुस्तकावरून तलवार शिकणे सोपे नाही. एकेका वाक्यावर आम्ही संध्याकाळ घालवत असू. एक जण वाचणार, दोघे समोरासमोर उभे राहणार, आणि पाऊल आधी की वार आधी यावर वाद घालणार. पाते पात्याला लागले की समोरचा जोर लावतो आहे की ढिला पडला आहे, हे हातांनी ओळखावे, असे मायर सांगतो. वाचायला हे एक वाक्य. मनगटात उतरायला मला दोन वर्षे लागली. पण ते उतरले, आणि हूल कधी द्यायची ते कळू लागले. मेलेल्या वस्तादाने शिकवले म्हणायचे ते यालाच.

हे पुस्तक १५७० साली स्ट्रासबर्गमध्येच छापले गेले. त्याची अर्पणपत्रिका २४ फेब्रुवारीची. त्यात लांब तलवारीबरोबर दुसाक नावाची आखूड वाकडी तलवार, रेपियर, खंजीर, काठी आणि भाले, सारे काही आहे. लाकडी ठशांची चित्रे टोबियास श्टिमरच्या कार्यशाळेत तयार झाली. फरशीच्या दालनांत एकाच चित्रात तीन-तीन जोड्या भिडलेल्या. असे काम आजही स्वस्तात होत नाही. मायरवर सुमारे १३०० क्राउनचे कर्ज झाले, आणि ते १५७१ च्या नाताळपर्यंत फेडण्याचा शब्द त्याने दिला.

मार्ग एकच होता. उत्तरेत श्वेरिनला मेक्लेनबुर्गच्या ड्यूककडे तलवारीचा वस्ताद म्हणून नोकरी मिळाली. तिथे पुस्तकाला चांगली किंमत येईल, असाही त्याचा हिशेब होता. प्रती पुढे पाठवून ४ जानेवारी १५७१ रोजी तो निघाला. ऐन हिवाळ्यात ६०० किलोमीटरहून जास्त वाट तुडवून १० फेब्रुवारीला दरबारी पोहोचला. २४ फेब्रुवारीला तो मरण पावला. अर्पणपत्रिकेला त्या दिवशी बरोबर एक वर्ष होत होते. तेहेतिशी-चौतिशीचा माणूस, नवी नोकरी जेमतेम दोन आठवड्यांची.

मागे राहिली आपोलोनिया. तिच्या भावाने तिचा पालक या नात्याने मे महिन्यात ड्यूकला पत्र धाडले. मायर कोण होता याची आठवण द्यावी, त्याचे सामान आणि पुस्तके परत मागावीत, जमल्यास ड्यूकलाच काही प्रती घेण्याची गळ घालावी, असे ते आर्जव होते. पुढच्या वर्षी तिने हान्स क्यूले या दुसऱ्या सुरीकाराशी लग्न केले. मायरचे कर्जही त्या घरात गेले. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली ती १६०० साली, आउग्सबुर्गमध्ये.

आज मायरचे नाव जगभरच्या लांब तलवारीच्या आखाड्यांत आदराने घेतले जाते, आणि तो मान त्याचा आहेच. वस्तादांची साखळी तुटूनही विद्या टिकली, ती त्याने गुपित फोडले म्हणून. पण मला वाटते, या हिशेबात आणखी एक नाव धरायला हवे. विद्या कागदावर आली मायरच्या हाताने; तिची किंमत मात्र त्या विधवेच्या घराने मोजली. तिचे नाव पुस्तकात कुठेच नाही.