नाक पुसायला शिकवणाऱ्या डॉक्टरबाई : मारिया मॉन्टेसरी

मॉन्टेसरी हे नाव आपल्याकडे गल्लोगल्ली पाट्यांवर दिसतं. आत जाऊन बघावं तर तीन वर्षांची मुलं एबीसीडी गिरवत बसलेली! पण ज्यांचं हे नाव, त्या बाईंच्या शाळेत दिवसाची सुरुवात हात-तोंड धुण्यापासून व्हायची.

मारिया यांचा जन्म 31 ऑगस्ट 1870 रोजी इटलीतल्या क्यारावाले या गावी झाला. 1896 मध्ये त्या रोमच्या विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. त्या काळात इटलीत स्त्री डॉक्टर बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढे मनोरुग्णालयाशी संबंधित काम करताना त्यांनी मतिमंद मुलं पाहिली. मोठ्या वेड्या माणसांबरोबरच कोंडलेली, हातात खेळायला काहीही नसलेली. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, असं या डॉक्टरबाईंचं मत झालं. इतार आणि सेगाँ या फ्रेंच डॉक्टरांचं लेखन त्यांनी बारकाईने वाचलं, आणि 1900 पासून रोममधल्या एका खास शाळेत त्या स्वतः या मुलांना शिकवू लागल्या. त्यातली काही मुलं पुढे लिहायला-वाचायला शिकून सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत पास झाली. सगळे कौतुक करत होते, आणि बाईंना प्रश्न पडला होता की मग आपली धडधाकट मुलं इतकी मागे का?

6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह सुरू झालं. आईबाप दिवसभर कामावर, मुलं जिन्यात हुंदडायची, भिंती खराब करायची. घरमालकांना खरं तर भिंती वाचवायच्या होत्या! मुलं पन्नासच्या वर, वयं तीन ते सहा.

इथे बाईंनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. मुलांच्या उंचीची बुटकी धुण्याची जागा, उचलता येतील एवढे छोटे तांबे आणि बेसिन, साबण, टॉवेल. सकाळी आल्यावर नखं, कान, मान, दात बघायचे आणि प्रत्येकाने आपलं आपण आवरायचं. मोठ्याने लहानाला मदत करायची. कपड्यांसाठी लाकडी चौकटी केल्या. त्यावर कापडाचे दोन पदर, एका चौकटीला बटणं, दुसरीला हूक, तिसरीला नाडीची गाठ. का? तर स्वतःच्या अंगावरचं बटण मुलाला नीट दिसत नाही आणि घरात सगळे घाईत असतात. चौकट समोर ठेवली की बोटांना निवांत सराव मिळतो. शिकवताना बडबड कमी, कृती सावकाश. हात स्वच्छ झाले तरी मुलं पुन्हा पुन्हा धूत राहायची. मुलांना त्या क्रियेतच गोडी वाटते हे बाईंनी ओळखलं, आणि त्यांना थांबवलं नाही.

एकदा त्यांनी नाक कसं पुसायचं याचाच धडा घेतला. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता, कुणाच्या लक्षात न येता नाक कसं साफ करायचं, ते करून दाखवलं. थोड्या गमतीनेच घेतला होता धडा. पण मुलं हसली नाहीत. टक लावून बघत राहिली आणि शेवटी चक्क टाळ्या वाजवल्या! बाई विचारात पडल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की शेंबडावरून ही मुलं रोज बोलणी खात होती, पण पुसायचं कसं हे शांतपणे कुणी दाखवलंच नव्हतं. मला तर त्यांच्या सगळ्या साहित्यापेक्षा हा धडा मोठा वाटतो. आपणही वर्गात "नाक पूस" म्हणतोच की! दाखवतो किती वेळा?

त्यांच्या आयुष्यात एक दुखरी जागाही होती. 1898 मध्ये लग्नाशिवाय झालेला मुलगा मारिओ त्यांना परक्या घरी ठेवावा लागला. तो मोठा झाल्यावरच त्यांच्याकडे आला आणि पुढे त्यांच्या कामात कायमचा सोबती झाला.

1939 मध्ये दोघं मद्रासजवळ अड्यारला शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला आली. पुढच्याच वर्षी इटली युद्धात उतरली. इंग्रज सरकारने मारिओला आपल्या अहमदनगरला स्थानबद्ध केलं. मारियांच्या सत्तराव्या वाढदिवशी त्याची सुटका झाली. 1946 पर्यंत त्या भारतातच होत्या.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर ही पद्धत आधीच स्वीकारली होती. पण महागडी साधनं खेड्यात कुठून आणायची? 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघांनी गावातल्याच वस्तूंपासून साधनं बनवली. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांच्याच अंगणात शाळा नेली. तिथेही आंघोळ, नखं, वेणीफणी हा अभ्यासाचाच भाग होता.

मारिया मॉन्टेसरी 6 मे 1952 रोजी हॉलंडमधल्या नोर्डवाइक इथे वारल्या. बटणांच्या त्या चौकटी बालवाड्यांत आणि विशेष मुलांच्या शाळांत आजही वापरात आहेत. जुनी उशीची खोळ आणि चार मोठी बटणं घेतली तर घरीही तासाभरात तयार होते.