तुमच्या फोनमधल्या टेबलांमागचा माणूस : एडगर कॉड

फोनमध्ये कॉन्टॅक्ट शोधताना तुम्ही नावाची दोन अक्षरं टाइप करता आणि नंबर समोर येतो. तो नंबर मेमरीत नेमका कुठे ठेवलाय, हे तुम्हाला कधी सांगावं लागलं का? नाही ना? ही सोय ज्यांच्या विचारातून आली, त्या एडगर फ्रँक कॉड यांची आज ओळख करून घेऊ. मला ते जरा उशिराच कळले, आणि तेही एका चुकीमुळे.

डेटाबेस शिकत असताना मी ओळखीच्या एका क्लाससाठी फीची नोंद ठेवणारं छोटं ॲप बनवलं. त्यात एकच लांबलचक टेबल होतं : विद्यार्थ्याचं नाव, पालकांचा मोबाईल नंबर, महिना, भरलेली फी. दर महिन्याला नवी ओळ आणि प्रत्येक ओळीत तोच नंबर पुन्हा. एका पालकांचा नंबर बदलला. मी तीन ओळींत दुरुस्ती केली, चौथी राहून गेली. फी थकल्याचा मेसेज भलत्याच माणसाला गेला आणि मला चांगलीच बोलणी खावी लागली. कमांड सगळ्या पाठ होत्या, पण माहितीची मांडणी कशी करायची हेच कळलं नव्हतं. ते शोधत मी कॉड यांच्यापर्यंत पोहोचलो.

त्यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड इथला. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात पायलट होते. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि आयबीएममध्ये प्रोग्रामर झाले. १९५३ मध्ये सिनेटर मॅकार्थी यांच्या राजकारणाला वैतागून त्यांनी अमेरिका सोडली आणि कॅनडा गाठला. काही वर्षांनी परतले. चाळिशी ओलांडल्यावर, १९६५ मध्ये, मिशिगन विद्यापीठातून पीएचडी मिळवली. मग कॅलिफोर्नियात, सॅन होजे इथल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात रुजू झाले.

तेव्हाचे डेटाबेस कसे होते? गावात आपण पत्ता सांगतो ना, वडाच्या झाडापासून डावीकडे वळा, मग तिसरं घर, अगदी तसे. माहितीपर्यंत जायचा रस्ता प्रोग्रामरने स्वतः लिहायचा. उद्या वडाचं झाड तोडलं, म्हणजे माहितीची रचना बदलली, की प्रोग्रामही बदला.

कॉड यांनी १९७० मध्ये एक शोधनिबंध छापला. त्यांचं म्हणणं साधं होतं : माहिती टेबलांमध्ये मांडा. प्रत्येक ओळीला ओळख पटवणारी किल्ली द्या. दोन टेबलांचं नातं त्यांतल्या समान मूल्यांवरून जोडा. काय हवं ते माणसाने सांगावं, कुठून आणि कसं आणायचं ते मशीनने बघावं. यामागे गणितातला संचांचा आणि तर्काचा भक्कम पाया होता.

पण त्यांच्याच कंपनीला घाई नव्हती. आयबीएमचा आयएमएस नावाचा जुन्या पद्धतीचा डेटाबेस बाजारात जोरात चालत होता. असली टेबलं फार हळू चालतील, अशी शंकाही अनेकांना होती. १९७४ मध्ये चार्ल्स बाखमन यांच्याशी कॉड यांचा जाहीर वाद झाला. बाखमन आदल्याच वर्षीचे ट्युरिंग पुरस्कार विजेते, आणि ते जुन्या पद्धतीच्या बाजूचे! त्याच सुमारास आयबीएमच्या दोन संशोधकांनी, चेंबरलिन आणि बॉइस यांनी, आज आपण जिला एसक्यूएल म्हणतो ती भाषा तयार केली. तरी १९७९ मध्ये बाजारात बाजी मारली ती दुसऱ्याच एका छोट्या कंपनीने. तीच आजची ओरॅकल. आयबीएमचं स्वतःचं उत्पादन १९८१ मध्ये आलं. कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला तोही त्याच वर्षी.

गंमत म्हणजे एसक्यूएलवर कॉड स्वतः खूश नव्हते. ती एकाच टेबलात हुबेहूब सारख्या दोन ओळी चालवून घेते, हे त्यांना पटत नसे. खरा रिलेशनल डेटाबेस कोणता, हे ठरवायला त्यांनी १९८५ मध्ये बारा नियम मांडले. मोजणी शून्यापासून, म्हणजे खरे तेरा! १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचं निधन झालं. आज अँड्रॉइड असो की आयफोन, आत एसक्युलाइट नावाचा छोटा डेटाबेस असतोच, आणि तो त्यांच्याच कल्पनेवर चालतो.

शेवटी मी माझं टेबल तोडलं. एक विद्यार्थ्यांचं, एक फीचं. प्रत्येक विद्यार्थ्याला एक क्रमांक. फीच्या टेबलात फक्त तो क्रमांक, महिना आणि रक्कम. मोबाईल नंबर एकाच जागी राहिला. तो एकदा बदलला की सगळीकडे बदलला. मेसेज पाठवताना दोन्ही टेबलं त्या क्रमांकावर जोडायची, बस्स.

तुम्हीही एसक्यूएल शिकणार असाल तर सिलेक्ट आणि जॉइन पाठ करण्याआधी वही-पेन घ्या. एखाद्या भिशीचा हिशोब टेबलांत मांडून बघा. एकच गोष्ट दोनदा लिहावी लागतेय का? लागत असेल, तर तिथे टेबल तोडायला हवं.