खसखशीचे दाणे आणि माझिनींची प्रायव्हसी

जुझेप्पे माझिनी हे नाव तुम्ही इटलीच्या एकीकरणाच्या धड्यात वाचलं असेल. सावरकरांनी त्यांचं आत्मचरित्र मराठीत आणलं, तेही अनेकांना माहीत आहे. पण रोज मेसेज पाठवणाऱ्या आपल्यालाही या माणसाकडून शिकण्यासारखं आहे.

माझिनींचा जन्म १८०५ चा, जिनोआचा. वडील डॉक्टर, स्वतः कायदा शिकलेले. गुप्त क्रांतिकारी संघटनेत गेले म्हणून तुरुंगवास झाला, मग देश सोडावा लागला. १८३१ मध्ये मार्सेय इथे त्यांनी 'तरुण इटली' ही संघटना काढली. १८३७ पासून लंडनमध्ये राहून ते चळवळ चालवायचे, मुख्यतः पत्रांवर.

पत्र कोण उघडतंय?

१८४४ मध्ये त्यांना संशय आला. सील तर शाबूत दिसायचं! मग पाकिटात खसखस, वाळूचे कण, केस घालून पाहिलं. पत्र पोहोचेपर्यंत ते गायब. म्हणजे मधे कोणीतरी पाकीट उघडून पुन्हा बंद केलं होतं. फाइलमध्ये छेडछाड झाली का हे तपासायला आज आपण हॅश वापरतो, त्यामागची कल्पना हीच. चोरी थांबत नाही, पण कळते.

खासदार थॉमस डन्कम्ब यांनी हे प्रकरण पार्लमेंटमध्ये नेलं. गृहमंत्री जेम्स ग्रॅहम यांनी वॉरंट काढलं होतं आणि पत्रांतली माहिती ऑस्ट्रियापर्यंत गेली होती, हे बाहेर आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये दक्षिण इटलीत उठाव करायला गेलेल्या बांदिएरा बंधूंना गोळ्या घातल्या गेल्या. इंग्लंडमधून फुटलेली माहितीच त्यांना भोवली, असा संशय घेतला गेला. लोक भडकले. पोस्टातलं गुप्त खातं बंद झालं, पण वॉरंट काढायचा सरकारी अधिकार मात्र कायम राहिला.

मग आपण काय घ्यायचं?

खसखशीने पुरावा दिला, पण जाब विचारायला पार्लमेंट लागलं. एन्क्रिप्शन आणि कायदा यांचंही तसंच आहे. भारतात २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क मानला, म्हणून ॲपमधलं कुलूप अनावश्यक ठरत नाही. आणि कुलूप आहे म्हणून हक्क सोडून चालत नाही.

१८७२ मध्ये माझिनी पिसा इथे वारले, तेव्हाही ते खोट्या नावाने राहत होते.

तुमची खसखस व्हॉट्सॲपमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन सिक्युरिटी नोटिफिकेशन चालू करा. समोरच्याचा कोड बदलला की तुम्हाला कळेल.