पुणतांब्याचे सी. रामचंद्र

अहिल्यानगर जिल्ह्यातील गोदाकाठच्या पुणतांबा येथे १२ जानेवारी १९१८ रोजी जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर चित्रपटसृष्टीत आले ते नायक होण्यासाठी. ‘नागानंद’ अपयशी ठरला आणि त्यांनी मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमवादन पत्करले. विनायकबुवा पटवर्धनांच्या या शिष्याने पुढे संगीतकार म्हणून ‘शहनाई’त (१९४७) गिटार व माउथ ऑर्गन, तर ‘अलबेला’त (१९५१) बोंगो, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनला मानाचे स्थान दिले. पाश्चात्त्य ठेक्यांबद्दल टीका झाली. ‘अनारकली’च्या (१९५३) सुरावटींनी तिला उत्तर दिले. स्वतःच्या चित्रपटनिर्मितीने मात्र हात दिला नाही. उतरत्या काळातच, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी त्यांच्या संगीतातील ‘ऐ मेरे वतन के लोगो’ गायिले. ५ जानेवारी १९८२ रोजी ते निवर्तले. प्रजासत्ताकदिनी आजही तेच सूर निनादतात.